मंगळवारचा दुसरा कागद

नाना,

तुम्ही बुधवारी गेलात. काल तेरावं झालं. आज मंगळवार, म्हणजे आपला पोटांचा वार, आणि हे मी दुपारी दवाखान्यात बसून लिहिते आहे. तुमची खुर्ची अजून टेबलाच्या त्या बाजूलाच आहे. कंपाउंडरने सकाळी झाडताना ती भिंतीला लावली होती. मी त्याच्यावर ओरडले आणि ती पुन्हा जागेवर ठेवायला लावली. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

गेल्या मंगळवारी मी दवाखाना बंद ठेवला. तुमचं सुतक तुमच्या घरी. आमच्याकडे ते पाळत नाहीत, तरी मी कुलूप लावून घरी बसले आणि दिवसभर रडले. तुम्हाला हे आवडलं नसतं. "ताई, पोट काय आपली सवड बघून फुगतं का?" असं म्हणाला असतात. आज सकाळी आठ वाजता जमना दारात उभी होती. शिरपूरच्या पुढची, डोंगराच्या पायथ्याची आपली जमना. बरोबर दहा-बारा वर्षांची एक मुलगी.

"मांगला मंगळवारले उनू मी," ती म्हणाली. "कुलूप व्हतं."

मग तिने मुलीला पुढे केलं. "हाई मनी भाची शे. इनं पोट वाढी राहिनं." आणि तुमच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "आते दुसरा कागद कोन लिखी?"

नाना, या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच मी तुम्हाला हे लिहिते आहे. पण तुम्हाला थेट मुद्द्यावर आलेलं कधी आवडायचं नाही. रोग्याचं गाव, शेत, सासर-माहेर विचारल्याशिवाय तुम्ही नाडीला हात लावत नव्हतात. तर मीही जरा लांबून येते.

मी देवपुरात दवाखाना काढला तेव्हा तुमचं दुकान दोन दारं सोडून होतं. बाहेर काढ्याचा वास आणि आत खलबत्त्याचा आवाज. मी नवीकोरी डॉक्टर, डिग्रीची पाटी रंगवून घेतलेली, आणि माझ्या मते तुम्ही चूर्ण विकणारे एक म्हातारे गृहस्थ. तुमच्या मते मी सुया टोचणारी पोरगी. दोघांनी एकमेकांबद्दल हे बाहेर बोलून दाखवलं आणि दोघांपर्यंत ते पोचलं. मग एका दुपारी तुम्ही स्वतःच आलात, समोर बसलात आणि विचारलंत, "वडील काय करतात?"

"धरणगावला जिनिंगमध्ये हमाल होते," मी म्हणाले. आणि तुमच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागले. आयुष्यभर तो प्रश्न मी ऐकला होता. आडनाव कोणतं, म्हणजे नेमके कोणते, वस्ती कुठे. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असायचं, जरा चढ्या आवाजातलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे कापसाचा खोकला घरात पाहिलाय तुम्ही. पुस्तकात नाही." आणि माझ्या माठाकडे बोट दाखवून पाणी मागितलंत.

तो प्रश्न तुम्ही पुढेही कधी विचारला नाहीत. माहीत होतं म्हणून, की गरज वाटली नाही म्हणून, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं राहिलंच.

मंगळवार सुरू झाला तो तुमच्या हट्टामुळे. तुमचं म्हणणं असं की पोट फुगलेला माणूस आधी तुमच्याकडे येतो, सहा महिने काढा पितो, मग माझ्याकडे येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. किंवा आधी माझ्याकडे येतो, गोळ्या खाऊन कंटाळतो आणि तुमच्याकडे येतो. "दोन दारांत त्याची फरपट होते. त्यापेक्षा एका दिवशी दोघांनी एकाच वेळी बघू." मी म्हणाले, माझे सर ऐकतील तर मला हसतील. तुम्ही म्हणालात, "माझे गुरुजी असते तर मला वाळीत टाकलं असतं. तुम्ही स्वस्तात सुटताय."

सुरुवातीला तर नुसती मारामारीच होती. तुम्ही आधी पाहायचात. पोटाला हात न लावता पाच-पाच मिनिटं नुसतं बघायचं: बेंबी आत आहे की बाहेर आली, शिरा दिसतात का, पाय सुजलेत का, डोळ्यांत पिवळेपणा आहे का, माणूस बसतो कसा, उठतो कसा. मला घाई असायची. मला पोट ठोकून बघायचं असायचं. "थांबा हो," तुम्ही म्हणायचात, "दार ठोकण्याआधी घर तर बघा." मी चिडायचे, पण हळूहळू बघायला लागले. आज मी कुणाच्याही पोटाला बघितल्याशिवाय हात लावत नाही, आणि याचं श्रेय मी तुम्हाला तोंडावर कधी दिलं नाही. तुम्ही फार चढून बसला असतात.

मग जमना आली. तेव्हा तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि पोट घागरीएवढं झालं होतं. तुम्ही तिला पाहिलंत, पोटावर हात फिरवलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "जलोदर. पाणी आहे." मग मी पोट ठोकलं. पाणी असलं की कुशीवर वळवल्यावर आवाज बदलतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण तुमचा शब्द आधीच माझ्या कानात बसला होता. मी तिला धड वळवलंच नाही. मला पाणीच ऐकू आलं. तुम्ही तिला म्हणालात, "फक्त दूध पेवानं, माय," आणि मी लघवी वाढवायच्या गोळ्या दिल्या. दोघंही खूश होतो. पहिल्यांदाच आपलं इतकं जुळलं होतं!

पाच-सहा आठवड्यांनी तिला जीपमध्ये आडवी घालून आणलं. दुखण्याने तिचा आवाजही निघत नव्हता. मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं तेव्हा पाणी नव्हतं. बीजकोशाची गाठ होती, पीळ पडून काळी झालेली. ती काढावी लागली आणि रक्त थांबेना म्हणून गर्भाची पिशवीही काढावी लागली. तिला मूल नव्हतं. जीव वाचला, एवढंच.

शुद्धीवर आल्यावर तिने पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला आणि म्हणाली, "पहिले आठे गोळा व्हता. कोनी इचारंच नही माले."

त्या दिवशी परत येताना आपण दोघं पांझरेच्या पुलावर थांबलो होतो. मी विचारलं, "नाना, पाळीचं, ओटीपोटाचं तुम्ही विचारलं नव्हतं?" तुम्ही म्हणालात, "परक्या बाईला मी ते कसं विचारू? मला वाटलं, तुम्ही बाई आहात, तुम्ही विचारलंच असेल." आणि मला वाटलं होतं, प्रश्न विचारणं हे तुमचं खातं, तुम्ही तिचं गाव, शेत, सगळं विचारत होतात, त्यात हेही आलंच असेल. आपण दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि त्यात ती बाई राहून गेली. एकटी मी असते तर मी विचारलं असतं. एकटे तुम्ही असता तर तुम्ही थोरल्या बहिणीला, अक्कांना, बोलावून त्यांच्या तोंडून विचारलं असतंत. दोघं होतो म्हणून कुणीच विचारलं नाही. हे मला आजही सहन होत नाही.

मी म्हणाले, मंगळवार बंद करू. तुम्ही तेव्हा जे रागावलात तसे परत कधी रागावला नाहीत. "बंद करायला काय लागतं? चूक दोघांची, मग सुधारायला दोघं हवेत." पुढच्या आठवड्यात आपण एस.टी.ने शिरपूरला गेलो, तिथून जीपने, आणि शेवटचे दोन मैल पायी. तुम्ही जमनाच्या दारात जमिनीवर बसलात. पांढरंशुभ्र धोतर मातीत. म्हणालात, "चूक आमनी शे, माय. तुनी नही." तिच्या सासूने आपल्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

येताना एस.टी.त तुम्ही नियम केलात. पुढचा प्रत्येक रोगी दोघांनी वेगवेगळा तपासायचा. एक आत असताना दुसऱ्याने बाहेर बसायचं. दोघांनी अर्ध्या-अर्ध्या कागदावर लिहायचं, घडी घालायची आणि दोन्ही कागद टेबलावर आल्याशिवाय तोंडातून अक्षर काढायचं नाही. मग एकदम उघडायचे. जुळलं तर उपचार. नाही जुळलं तर रोग्याला पुन्हा टेबलावर घ्यायचं. आणि शेवटची ओळ मी सुचवली. प्रत्येक कागदावर खाली लिहायचं, "विचारायचं काय राहिलं?" आणि त्यापुढे काहीतरी लिहायचंच. "काही नाही" असं लिहिलेलं चालणार नाही, हे तुम्ही वर जोडलंत.

नाना, त्या कागदांनी आपली किती जिरवली! तो दोंडाईच्याचा म्हातारा आठवतो? खालच्या पोटात टणक, गोल, नारळाएवढं. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, "गाठ. कॅन्सर असू शकतो. तातडीने मोठ्या दवाखान्यात." तुमच्या कागदावर निदानच नव्हतं. शेवटच्या ओळीत फक्त "लघवी?" एवढंच. आपण परत आत गेलो आणि तुम्ही विचारलंत, "आबा, लघवी कव्हय व्हयनी?"

"काल दुफारपाईन नही," आबा म्हणाले. त्यांना वाटत होतं की ते सांगायची गोष्टच नाही. मी नळी घातली आणि माझा कॅन्सर बादलीत वाहून गेला. तुम्ही महिनाभर मला "गाठवाल्या बाई" म्हणत होतात.

पण त्या सुजलेल्या पोराच्या वेळी मी तुम्हाला गाठलं. तुम्ही "कफोदर", म्हणजे कफाने फुगलेलं पोट, असं लिहिलं होतंत आणि भस्म द्यायचं ठरवलं होतंत. मी त्याची लघवी परीक्षानळीत घेऊन दिव्यावर तापवली आणि ती दह्यासारखी थिजली. मूत्रपिंडातून प्रथिनं गळताहेत, भस्म अजिबात नको, मी म्हणाले. तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही ती नळी खिडकीकडे धरून लहान मुलासारखे बघत राहिलात. दुसऱ्या दिवशी तुमच्या दुकानात खलबत्त्याशेजारी स्पिरिटचा दिवा आला.

भस्मावरून आपलं शेवटपर्यंत पटलं नाही. ते भांडण मी अजूनही सोडलेलं नाही. आणि दुसरं भांडण कल्पनावरून.

तुमची सून कल्पना जळगावच्या कॉलेजातून वैद्य होऊन आली. वैद्याच्या घरात वैद्य सून म्हणून तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत, आणि तिला औषधं कुटायला बसवलंत. मी दर दोन-तीन महिन्यांनी विषय काढायचे. "तिला मंगळवारी बसवा." तुमचं ठरलेलं उत्तर होतं: "सासऱ्याच्या समोर सून खुर्चीवर बसून रोगी बघणार? तिलाच संकोच वाटेल." मी म्हणायचे, तिला विचारलंत का? तुम्ही विषय बदलायचात. जमनाच्या दारात मातीत बसलात तुम्ही, पण स्वयंपाकघराच्या दारातून सुनेला बाहेर बोलावणं तुम्हाला जमलं नाही. आता गेलात म्हणून मी हे गोड करून सांगणार नाही. ती चूक होती.

मग तुमचं धोतर ढिलं झालं. म्हणजे तुम्ही ते पोटाखाली नेसायला लागलात. तुम्हीच मला बघायला शिकवलं होतंत, तर मी बघणार नाही होय? घोटे सुजलेले. दंड वाळलेले. एका मंगळवारी शेवटचा रोगी गेल्यावर मी दार लावलं आणि म्हणाले, "नाना, टेबलावर झोपा."

"आज माझा नंबर नाही."

"झोपा म्हटलं ना!"

झोपलात. मी तपासलं. कुशीवर वळवलं, या वेळी नीट, दोन्हीकडे. मग मी कागद लिहिला आणि तुम्ही तुमचा लिहिलात, स्वतःच्याच पोटावर हात ठेवून, टेबलावर बसल्या बसल्या. मी उघडायला हात पुढे केला तर तुम्ही दोन्ही कागद उचलून बंडीच्या खिशात घातलेत. "नियम मोडताय," मी म्हणाले. "एकदा," तुम्ही म्हणालात.

पुढच्या आठवड्यात आपण जळगावला सोनोग्राफीला गेलो. तुम्ही पडद्याकडे मान वळवून त्या डॉक्टरला प्रश्नांनी हैराण केलंत. यकृत आक्रसलेलं, त्यात गाठ, आणि भोवती पाणी. बाहेर आल्यावर म्हणालात, "माझ्या हाताने हेच सांगितलं होतं. या यंत्राला फक्त अंधार लागतो." मी मुंबईचं बोलले. तुम्ही नाही म्हणालात. मी दोन महिने भांडले आणि हरले. मीठ बंद करायचं, यावर तुमचं शास्त्र आणि माझं शास्त्र पूर्ण एकमताचं होतं, आणि नेमकं तेच तुम्हाला पाळवेना. सुईने पाणी काढून घरी सोडावं, तर तिसऱ्या दिवशी बंडीवर शेवभाजीचा लाल डाग. मी अक्कांवर चिडायचे. अक्का म्हणायच्या, "मी नही दिली वं बाई, तो स्वतः दुकानमा जास."

शेवटच्या आठवड्यात मी रोज यायचे. तुम्ही बोलत नव्हतात. मी हात धरून बसायचे आणि मनातल्या मनात तुम्हाला ते विचारायचे, त्या पहिल्या दिवसाचं, माठातल्या पाण्याचं. जीभ रेटली नाही. इतकी वर्षं मी रोग्यांना काय काय विचारलं, आणि तुम्हाला एवढं विचारता आलं नाही. खूप दुखतंय, नाना. ते दुखणार आहे.

काल तेराव्याचं जेवण झाल्यावर अक्कांनी मला आत बोलावलं आणि बंडीच्या खिशातले ते दोन कागद दिले. त्यांना वाचता येत नाही, पण जपून ठेवले होते. आधी मी माझा उघडला. "यकृत. पाणी. गाठीची शंका." खाली, विचारायचं काय राहिलं? त्यापुढे मी लिहिलं होतं, "काही नाही." घाबरले होते मी. आपला नियम मीच मोडला होता आणि वर तुम्हाला बोलले होते.

मग तुमचा. "जलोदर. यकृतामुळे. असाध्य." आपलं जुळलं होतं. आणि खाली तुमच्या तिरक्या अक्षरात: "कल्पनाला विचारायचं राहिलं, दुसरा कागद लिहिशील का. माझ्या तोंडून निघत नाही. ताईंनी विचारावं."

कल्पना मागच्या अंगणात पातेली घासत होती. मी तुमचा कागद तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसले, वाचला, परत वाचला. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "चार वर्षं लागली यांना एक ओळ लिहायला." मग पातेली उचलत, "उद्या किती वाजता?"

तर जमनाने आज सकाळी विचारलं, दुसरा कागद कोण लिहील, तेव्हा कल्पना तिच्या मागेच उभी होती. तुमच्या खुर्चीवर ती बसली नाही. बाकावर बसली. मी आग्रह केला नाही. बसेल तिची ती. मी मुलीला आत घेतलं, बघितलं, मग हात लावला. कागद लिहून बाहेर आले. कल्पना आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मला घड्याळ बघायचा मोह होत होता. बाहेर जमना माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत नव्हते.

दोन कागद टेबलावर आले. उघडले. माझा: "प्लीहा, म्हणजे पानथरी वाढलेली. हिवतापाची. औषध सुरू करावं." कल्पनाचा: "पानथरी. हिवताप वाटत नाही. रक्ताचा आनुवंशिक आजार, सिकलसेल?" आणि खाली, विचारायचं काय राहिलं? "लहानपणापासून सांधे दुखतात का? घरात आणखी कुणाचे? मुलगी लाजते, मावशीला विचारावं."

मी जमनाला विचारलं. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दुखतस ना. इना भाऊना बी दुखेत. तो गया मांगला साले. कोनी इचारं नव्हतं."

जुळलं नाही, नाना. पोरीला पुन्हा टेबलावर घेतलं.